कडियाळं हातात घेऊन ओळखा: नागपुरात मिळणाऱ्या घोड्याच्या लगामांचा परखड आढावा

दुकानात कडियाळं, म्हणजे लगामाचा घोड्याच्या तोंडात जाणारा भाग, मागितलं की विक्रेता दोनच प्रश्न विचारतो: साधं पाहिजे की कडक? आणि स्टील पाहिजे की पितळी? या दोन प्रश्नांच्या उत्तरावर घेतलेलं सामान घोड्याच्या तोंडात काय करेल, हे विक्रेत्याला सांगता येत नाही आणि घेणाऱ्याला कळत नाही. साधं म्हणून दिलेल्या कडियाळ्याला लांब दांडे असतात. कडक म्हणून बाजूला ठेवलेलं एखादं उलट निवांत निघतं. म्हणून हा आढावा कोण्या एका दुकानाचा नाही. नागपुरात वरातीचे घोडे, बग्गीवाले, फुटाळा तलावावर फेऱ्या मारणारे आणि नव्याने घोडेस्वारी शिकणारे ज्या प्रकारचं सामान वापरतात, त्या सामानाचा आहे. आपल्याकडे येणारा बराच माल कानपूरचा, काही सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून घोड्यासोबतच आलेला, काही ऑनलाइन मागवलेला. माल कुठलाही असो, तपासायची पद्धत एकच.

पहिल्यांदा पाहायचं ते हे: हातातली वादी, म्हणजे लगामाचा पट्टा, नेमकी कुठे अडकते. त्यानंतर तोंडात जाणारी दांडी कशी आहे. कडीचा आकार सगळ्यांत शेवटी. दुकानात मात्र सुरुवातच कडीच्या आकारापासून होते, कारण तीच डोळ्यांत भरते.

तोंडात जागा किती असते

घोड्याचे पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये खालच्या जबड्यावर दात नसलेली हिरडी असते. कडियाळं तिथे आणि जिभेवर टेकतं. या हिरडीवर मांस जवळजवळ नाहीच. पातळ कातडी आणि तिच्याखाली लगेच हाडाची धार. आपल्या नडगीवर बोट दाबून पाहा, अंदाज येईल. जीभ तोंडाची बहुतेक जागा व्यापून असते, म्हणजे कडियाळ्यासाठी वेगळी रिकामी जागा नसते. ते जिभेला दाबूनच बसतं. नर घोड्याला साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी याच मोकळ्या जागेत सुळे येतात, घोडीला सहसा येत नाहीत. शिवाय वरच्या पहिल्या दाढेच्या अगदी पुढे कधी कधी एक छोटा, खुंटासारखा निरुपयोगी दात असतो, ज्याला वुल्फ टीथ म्हणतात. त्यावर लोखंड आदळलं की घोडा मान झटकतो, आणि मालक म्हणतो जनावर अडेल आहे, अजून कडक लगाम द्या. असं जनावर असेल तर दुकानात जाण्याआधी पशुवैद्याकडून दात तपासून घ्या. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय गावातच आहे. दात तपासायला वर्षातून एक चक्कर पुरते.

वादी कुठे अडकते, यावरून जात ठरते

वादी ज्या कडीत अडकते तीच कडी तोंडातल्या दांडीला थेट जोडलेली असेल, तर ते स्नॅफल. हाताने एक किलोचा ओढ दिला की तोंडात एक किलोच पोचतो. दांडीला मधे सांधा आहे की नाही, याच्याशी स्नॅफल असण्याचा काही संबंध नाही. सरळ, सांधा नसलेल्या दांडीचंही स्नॅफल असतं.

वादी तोंडाच्या पातळीच्या खाली, उभ्या दांड्याच्या टोकाला अडकत असेल तर ते कर्ब, म्हणजे तरफ. या उभ्या दांड्याला आपल्याकडेही आता शँक म्हणतात. त्याचं माप दोन भागांत घ्या: तोंडातल्या दांडीपासून वर गालपट्ट्याच्या कडीपर्यंत एक, आणि खाली वादीच्या कडीपर्यंत दुसरं. वर ५ सेंमी, खाली १० सेंमी असेल तर एक किलोच्या ओढीने हनुवटीखालून जाणाऱ्या साखळीवर दोन किलो, आणि हिरडी-जिभेवर तीन किलो. वर ४ आणि खाली १६ असेल तर हिरडीवर पाच किलो. घर्षणामुळे आणि कोनामुळे प्रत्यक्षात थोडं कमी भरेल, पण हिशेबाची दिशा हीच. दुकानात पट्टी घेऊन हे माप घ्यायला अर्धा मिनिट लागतो.

सगळ्यांत जास्त फसवणूक इथेच होते. मधे सांधा असलेली दांडी आणि बाजूला आठ-दहा सेंमीच्या शँक, असं कडियाळं ‘शँकवालं स्नॅफल’ किंवा टॉम थंब म्हणून विकतात. ते स्नॅफल नाही. वादी ओढली की शँक फिरतात, सांधा दुमडतो, हनुवटीची साखळी आवळते आणि माथ्यावर पट्टा दाबला जातो. चार दिशांना चार खुणा, घोड्याने कोणती ऐकायची? नवशिक्या स्वाराच्या हातात हे देऊ नये. आमचा कौल स्पष्ट आहे: सांधा आणि शँक एकत्र असलेलं सामान नागपुरातल्या फेरीच्या घोड्यांसाठी घेऊच नका, कितीही स्वस्त मिळो.

स्नॅफल: कड्यांचे प्रकार

लूज रिंग म्हणजे गोल कडी दांडीच्या टोकाच्या भोकातून मोकळी फिरते. घोड्याला दांडीवर लटकता येत नाही, तो ती चघळत राहतो, तोंड ओलं राहतं. दोष असा की कडी आणि भोक यांच्यामध्ये ओठाचा कोपरा चिमटतो. रबराची गोल चकती, जिला बिट गार्ड म्हणतात, ती दोन्ही बाजूंना घातली की हा त्रास बराच कमी होतो. घेताना भोकाची कड बोटाने तपासा. जुन्या लूज रिंगचं भोक झिजून लांबट होतं आणि त्याला ब्लेडसारखी धार येते. असं सामान तिथेच परत करा.

एगबट म्हणजे जोडाजवळ अंड्यासारखी फुगीर जागा, कडी आपल्या ठिकाणी स्थिर. ओठ चिमटत नाही, दांडी शांत राहते. फुटाळ्यावर लहान मुलं बसवून फिरवला जाणारा घोडा, नव्याने शिकणारा स्वार, वरातीची समजूतदार घोडी, या तिघांसाठी एगबट हीच आमची पहिली शिफारस. हात हलका नसलेल्या माणसाच्या हातून यात कमीत कमी नुकसान होतं.

डी कडीची बाजू सरळ असते, गालाला टेकते आणि वळवताना बाजूने ढकलते. शर्यतीच्या घोड्यांना ती नेहमी दिसते. फुल चीकला कडीच्या वर आणि खाली दोन्हीकडे दांडी असते. वळत नसलेल्या तरुण घोड्याला ती उपयोगी, पण वरची दांडी गालपट्ट्याला चामड्याच्या छोट्या पट्टीने बांधावी लागते. ती पट्टी नसेल तर टोक कुठेही अडकतं, आणि दोन घोडे शेजारी बांधले तर विचारूच नका. म्हणून बग्गीसाठी हाफ चीक घ्यावं: त्याला दांडी फक्त खालच्या बाजूला, वरचा भाग नाही, त्यामुळे ढापणांच्या पट्ट्यात अडकण्याची भीती नाही आणि कडी तोंडातून आरपार ओढलीही जात नाही.

दांडी हीच खरी वस्तू

एका सांध्याची दांडी सगळीकडे मिळते. वादी ताणली की ती इंग्रजी व्ही अक्षरासारखी दुमडते आणि जिभेला दोन्ही बाजूंनी आवळते. हलक्या हाताखाली चालते, जड हाताखाली नाही. सपाट टाळूच्या, जाड जिभेच्या घोड्यांना ती लवकर नकोशी होते. असे घोडे तोंड उघडतात किंवा जीभ दांडीच्या वर काढून घेतात.

त्यापेक्षा दोन सांध्यांची, मधे छोटा तुकडा असलेली दांडी चांगली. पण इथे डोळे उघडे ठेवावे लागतात, कारण तीन वेगवेगळ्या वस्तू एकाच नावाने मिळतात. मधला तुकडा बोरासारखा गोलसर असेल तर लॉझेंज. हा सगळ्यांत निरुपद्रवी. तुकडा छोटा, चपटा आणि मधे कंबर असलेला, म्हणजे आठच्या आकड्यासारखा असेल, आणि त्याच्या कडा गोल केलेल्या असतील, तर फ्रेंच लिंक, तोही चांगला. तुकडा लांबट, सरळ बाजूंचा आणि दांडीशी तिरका बसवलेला असेल तर ते डॉक्टर ब्रिस्टल. त्याची कड जिभेत रुतते, आणि ते मुद्दामच तसं बनवलेलं असतं. ओळखायची रीत सोपी आहे. दोन्ही कड्या हातात धरा, घोड्याच्या तोंडात बसेल तसं कडियाळं आडवं करा आणि वाद्या ज्या दिशेला जातील तिकडे हलकेच ताणा. मधला तुकडा जिभेच्या पातळीला सपाट पडला तर फ्रेंच लिंक. कड खाली येऊन उभा राहिला तर डॉक्टर ब्रिस्टल. ऑनलाइन मागवताना फोटोवरून हे कळत नाही, म्हणून दुकानात जाऊन हातात घेऊन पाहणं इथे खरोखर मोलाचं ठरतं.

मलन माउथ म्हणजे हलकी वक्र, सांधा नसलेली दांडी. जिभेला थोडी जागा देते, चिमटत नाही, बग्गीच्या घोड्यांना छान चालते. रबराची किंवा कडक प्लास्टिकची मलन मऊ असते, पण घोडा ती चावून तिला दाताच्या खाचा पाडतो आणि मग त्याच खाचा जिभेला खरचटतात. दर आठवड्याला बोट फिरवून पाहा. खाच लागली की बदला.

पिळाची दांडी, तारेची दांडी, दुहेरी तारेची दांडी: या तिन्हींवर आम्हाला फार शब्द खर्च करायचे नाहीत. बारीक तार हिरडीच्या धारेवर ओढली की कातडी फाटते, वारंवार झालं की हाडावर सूज येऊन गाठ धरते, आणि पुढे त्या घोड्याला कोणतंच कडियाळं सहन होत नाही. वॉटरफर्ड, म्हणजे मणी ओवल्यासारखी साखळी, हाही अनुभवी हाताचा मामला आहे; बाजारात सहज दिसत नाही ते बरंच आहे.

जाडी कॅलिपरने मोजा, कडीच्या लगत. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या ड्रेसाज, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेच्या, नियमांत स्नॅफलची किमान जाडी १४ मिमी, दुहेरी लगामातल्या (एकाच तोंडात दोन कडियाळी) छोट्या कडियाळ्याची १० आणि कर्बची १२ मिमी धरली आहे. हे आकडे स्पर्धेसाठीचे असले तरी दुकानात मोजपट्टी म्हणून उत्तम. दुसऱ्या टोकाचा गैरसमजही काढून टाका: जाड म्हणजे नेहमी मऊ, असं नाही. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांचं तोंड बहुधा लहान असतं. त्यात २० मिमीची पोकळ दांडी कोंबली की जीभ दबते आणि तोंड मिटत नाही. १४ ते १६ मिमी हा त्यांच्यासाठी समतोल आकडा.

वरातीचं पितळी कडियाळं

आता नागपुरात सगळ्यांत जास्त खपणारी वस्तू. लांब, नक्षीदार, एस आकाराच्या शँक, वर पितळी फूल, खाली घुंगरू लावायला कडी. दिसायला देखणी आणि वरातीच्या साजाला शोभते, हे मान्य. पण तोलून पाहा आणि मोजून पाहा. खालची शँक बहुतेक वेळा वरच्या भागाच्या दुप्पट-तिप्पट असते. त्याच महासंघाच्या नियमांत कर्बची दांडीखालची शँक १० सेंमीपेक्षा लांब चालत नाही, आणि तिथे स्वार वर्षानुवर्षं शिकलेले असतात. आपल्याकडे डीजेच्या भिंतीपुढे, फटाक्यांत, घोडीचा लगाम धरणारा पोरगा गर्दीच्या धक्क्याने तिच्या वादीला लटकतो. त्या धक्क्याला तिप्पट करून तोंडात पोचवणारं हत्यार तिथे नको.

साज हवाच असेल तर उपाय आहे. पितळी फुलं आणि चकत्या गालपट्ट्यावर, कपाळपट्टीवर लावा, आणि तोंडात साधं स्टीलचं एगबट ठेवा. नवरदेवाच्या फोटोत काही फरक पडत नाही. घोडी धरून चालणाऱ्यासाठी खाली वेगळी मोरखी घाला आणि दोरी तिच्या कडीत अडकवा, म्हणजे गर्दीत ओढ आली तरी ती नाकाच्या हाडावर येईल, जिभेवर नाही.

आणि काटे असलेलं कडियाळं, दांडीवर टोकं, खिळे किंवा दाते वेल्ड केलेलं: ते हाती घेऊन कौतुक करायचंही कारण नाही. ओझी वाहणाऱ्या व गाडी ओढणाऱ्या प्राण्यांसाठी १९६५ साली केलेल्या क्रूरता प्रतिबंधक नियमांत काटेरी कडियाळं, टोकदार दाते असलेला साज आणि इजा करणारं कोणतंही सामान वापरायला बंदी आहे. त्याच नियमांत दुपारी बारा ते तीन या वेळात तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर जनावर गाडीला जुंपू नये असंही आहे, जे नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये जवळजवळ रोजच लागू होतं. लोहाराकडून काटे लावून घेण्याची प्रथा ज्यांच्याकडे अजून आहे, त्यांनी ती आजच थांबवावी. काट्यांनी घोडा थांबत नाही. तो दुखऱ्या तोंडापासून पळायला बघतो, म्हणून उधळतो.

बग्गीसाठी लिव्हरपूल

तरफेचं कडियाळं जिथे समजून वापरता येतं, ती जागा म्हणजे बग्गी. लिव्हरपूल हा त्यातला सगळ्यांत शहाणा प्रकार, कारण एकाच सामानात तीव्रता कमी-जास्त करता येते. सरळ उभी शँक, तोंडाच्या पातळीला कडी, खाली एक किंवा दोन खाचा. रास, म्हणजे हाकणाऱ्याच्या हातातली लांब वादी, फक्त कडीत अडकवली तर तरफ जवळपास नाहीच, स्नॅफलसारखंच काम. रास कडीच्या आत, पण शँकला वळसा घालून दांडीच्या लगेच खाली घेतली तर किंचित तरफ. पहिल्या खाचेत घातली तर मध्यम. खालच्या खाचेत घातली तर पूर्ण. दांडीची एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी खडबडीत असते आणि कडियाळं उलटं करून लावता येतं. गुळगुळीत बाजू जिभेकडे, रास कडीत किंवा वळशात, एवढंच ठेवा. त्यात घोडा ऐकत नसेल तर खालच्या खाचेकडे वळण्याआधी दात, साजाचं माप आणि हाकणाऱ्याचा हात, या क्रमाने तपासा.

दोन घोड्यांच्या बग्गीत दोन्हीकडे रास एकाच जागी बांधली आहे का, हे जुंपताना पाहिलंच पाहिजे. एकाला कडीत आणि दुसऱ्याला खाचेत असेल, तर एक घोडा मागे रेटतो, दुसरा सगळा भार ओढतो आणि बग्गी तिरकी चालते. बक्सटन, म्हणजे एस आकाराच्या शँक आणि खालून जोडपट्टी असलेलं थाटाचं कडियाळं, शोभेला आहे. रोजच्या कामाला नको.

पेल्हॅम आणि किंबलविक यांची ओळख करून देतो, कारण ती अधूनमधून दिसतात. पेल्हॅमला दोन वाद्यांच्या दोन जागा: एक दांडीच्या पातळीला, एक शँकच्या टोकाला. दोन्ही वाद्या वेगळ्या हाताळता येत असतील तरच घ्या. किंबलविक म्हणजे डी कडीला आतून खाचा, हनुवटीला साखळी, वादी एकच. कामठी ही १८२१ पासूनची छावणी. तिथल्या जुन्या सामानात कोनात वाकवलेल्या शँकचं लष्करी कडियाळं हाती लागलं तर त्यावर ब्रिटिशकालीन सरकारी मालावरची बाणाची खूण आहे का पाहा. संग्रहाला ते सुंदर, घोड्याला मात्र गंज आणि झीज तपासल्याशिवाय घालू नका.

हनुवटीची साखळी असलेलं कोणतंही कडियाळं घेतलं तर साखळी उजवीकडून पिळत न्या, सगळ्या कड्या सपाट पडेपर्यंत, आणि मग डावीकडच्या आकड्यात अडकवा. एकही कडी उभी राहिली तर ती हनुवटीच्या खाचेत घासते. साखळी आणि हनुवटी यांच्यात दोन बोटं सपाट जायला हवीत. शँक साधारण ४५ अंश मागे आली की साखळी लागायला हवी. आधी लागली तर ती फार आवळलेली, नंतर लागली तर ढिली.

धातू आणि दुकानातल्या चाचण्या

स्टेनलेस स्टील हे आमचं पहिलं मत. स्वस्त मालात लोखंडावर निकेल किंवा क्रोमचा मुलामा असतो. सहा महिन्यांत सांध्यापाशी मुलामा उडतो, त्याची पापुद्र्यासारखी कड सुटते आणि ती जिभेला कापते. चुंबक सोबत न्या. चुंबक जोरात चिकटला तर शंका घ्या. काही प्रकारचं स्टेनलेसही चुंबकाला ओढतं, त्यामुळे या एकाच चाचणीवर निकाल देऊ नका. सांध्याच्या आत टॉर्च मारून पाहा. तिथे तपकिरी ठिपके किंवा पिवळसर मुलाम्याची रेघ दिसली तर तो मुलामाच.

तांबं असलेल्या दांडीने लाळ सुटते, पण तांबं मऊ, दातांनी झिजतं. मुद्दाम गंजू दिलेलं साधं लोखंड, ज्याला स्वीट आयर्न म्हणतात, तेही घोड्यांना आवडतं, मात्र पावसाळ्यात रोज पुसून ठेवावं लागतं. ॲल्युमिनियम घेऊ नका: तोंड कोरडं पाडतं आणि लवकर खडबडीत होतं.

जुना नायलॉनचा मोजा हातात घालून दांडीवरून, सांध्यांवरून, कडीच्या भोकाभोवती फिरवा. धागा अडकला तिथे कातडीही अडकेल. दोन्ही बाजू शेजारी धरून लांबी जुळवा. ओतीव मालात एक बाजू दोन-तीन मिमी लांब निघते. दांडी पोकळ असेल तर वेल्डची रेघ नखाने चाचपा. शेवटी कडियाळं स्वतःच्या मनगटाच्या हाडावर ठेवून दुसऱ्याला हलकेच ओढायला सांगा. अर्धा किलोचा ओढ पुरतो. विक्रेता याला नकार देत असेल तर दुसरं दुकान पाहा.

माप आणि बसवणं

दुकानात जाण्याआधी घरीच माप घ्या. गुळगुळीत लाकडी काडी किंवा प्लास्टिकची अर्ध्या इंचाची नळी घोड्याच्या तोंडात दांडीच्या जागी धरा, दोन्ही ओठांच्या बाहेर पेनाने खूण करा, खुणांमधलं अंतर मोजा. एगबट, डी किंवा लिव्हरपूलसाठी दोन्हीकडे २ ते ३ मिमी जास्त. लूज रिंगसाठी दोन्हीकडे ४ ते ५ मिमी. दांडी सरळ ताणून, एका कडीच्या आतल्या बाजूपासून दुसऱ्या कडीच्या आतल्या बाजूपर्यंत मोजा. बाजारातले आकडे इंचांत असतात: साडेचार इंच म्हणजे ११४ मिमी, पाच म्हणजे १२७, साडेपाच म्हणजे १४०. ‘सगळ्यांना पाच चालतं’ हे वाक्य ऐकलं तरी मापाचा कागद खिशातून काढा. रुंद कडियाळं तोंडात इकडून तिकडे सरकतं, सांधा मधे राहत नाही आणि एका बाजूची हिरडी सोलते. अरुंद कडियाळं ओठ दाढांवर दाबतं.

बसवल्यावर ओठाच्या कोपऱ्यात एक, फार तर दोन हलक्या सुरकुत्या दिसाव्यात. घोडा सतत हसल्यासारखा दिसत असेल तर गालपट्टा दोन भोकं ढिला करा. दांडी पुढच्या दातांना किंवा सुळ्यांना लागत असेल तर एक भोक वर घ्या. दांडी दोन्ही बाजूंना सारख्याच उंचीवर आहे ना, हे पुढे उभं राहून पाहा, कारण एका बाजूचं चामडं जास्त ताणलं गेलेलं असतं आणि भोकं मोजून फसगत होते.

नागपूरच्या हवेत आणखी दोन गोष्टी. मे महिन्यात उन्हात टांगून ठेवलेलं स्टील हाताला चटका देतं. घालण्याआधी पाण्यात बुडवा. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तेच बर्फासारखं गार असतं. तळहातात धरून किंवा कोमट पाण्यात ठेवून मग तोंडात घाला. थंड लोखंडाला घाबरलेला घोडा पुढे लगाम पाहिला की मान वर करतो, आणि ती सवय मोडायला महिने जातात.

लग्नसराईत एकच साज तीन घोड्यांना फिरतो. हे बंद करा, किमान कडियाळ्याच्या बाबतीत तरी. ग्लँडर्स हा रोग घोड्याच्या नाकातोंडाच्या स्रावातून पसरतो, माणसालाही होतो, आणि २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्याखाली तो कळवणं बंधनकारक आहे. प्रत्येक घोड्याचं कडियाळं वेगळं ठेवा, त्याच्या गालपट्ट्यावर नाव लिहा. काम झालं की लगेच साध्या पाण्याने धुवा. लाळ आणि चाऱ्याचा रस वाळला की तो सांध्यात दगडासारखा बसतो. वाळलाच तर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून जुन्या दातघासणीने काढा. धातूचं पॉलिश फक्त बाहेरच्या शँकवर आणि कड्यांवर, तोंडातल्या भागावर कधीच नाही.

नवं कडियाळं घातल्यावर पहिला आठवडा रोज काम संपलं की ओठांचे कोपरे, जीभ आणि हिरडी बोटाने उघडून पाहा. लालसर रेघ दिसली तर दुसऱ्या दिवशी काम मोरखीवर घ्या. रक्त, कातडी सुटलेली जागा किंवा हिरडीवर टणक गाठ लागली तर ते कडियाळं उतरवा, जखम पूर्ण भरेपर्यंत तोंडात काहीही घालू नका, आणि पशुवैद्याला दाखवताना कडियाळंही सोबत घेऊन जा.